पातीभर पिवळा

लेबलांचं प्रूफ पुन्हा परत आलं तेव्हा ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली शाई कालवायची पाती त्यांनी शाईसकट काचेच्या लादीवर आपटली. मशीनमनने मान वर करून त्यांचा चेहरा पाहिला आणि लगेच तो मशीनच्या आड झाला.

"आता काय म्हणतो तो रसवाला?"

धाकटा भाऊ दारातच उभा होता. छापखान्याचा मालक तो. केस पिकले, पोट सुटलं, पण शाईच्या टेबलाजवळ यायची वेळ आली की शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा अजूनही दारात घुटमळायचा.

"म्हणतो, बीटासारखं दिसतं."

"काय?"

"बीटासारखं. जांभळट. बाटलीत फळाचा रस आणि लेबलावर बीटाचा, असं म्हणाला."

ताईंना दुसरी कुठलीही शिवी चालली असती. फिकट म्हणाला असता, गडद म्हणाला असता, शाई पसरली म्हणाला असता, तर त्यांनी दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. पण बीट! ज्या बाईने उभं आयुष्य लाल, पिवळा आणि निळा यांच्या भांडणात मध्यस्थी केली, तिला कुणी सांगावं की तुझा लाल जांभळ्याच्या घरी गेलाय?

गिऱ्हाईक तसं साधं होतं. ग्रेपफ्रूटचा रस काढून बाटल्यांत भरायचा धंदा. हे फळ मोठं चमत्कारिक. नाव द्राक्षाचं लावतं, कूळ लिंबाचं, आणि दिसायला मोसंबीचा थोरला भाऊ. त्यातही ह्याचं लाल गराचं. कापलं की आत असा रंग, की लाल म्हणावं तर नारिंगी वाटतं आणि नारिंगी म्हणावं तर लाल रुसतो. बाजारातले बाकीचे रसवाले रंग खुलवायला हळूच बीटाचा अर्क सोडतात, आपण सोडत नाही, हा या माणसाचा अभिमान. बाटलीवर त्याला ठळक अक्षरांत हवं होतं, 'वरून रंग घातलेला नाही'. साहजिकच बीट हा शब्द त्याच्या तोंडी आला की त्याला थुंकीची चव असायची.

लेबल मात्र त्याने भलतंच काढलं होतं. पारदर्शक बाटली, तिच्यावर अर्ध्या कापलेल्या फळाचं चित्र, आणि चित्रातला गर कुठे संपतो व बाटलीतला रस कुठे सुरू होतो ते कळता कामा नये. लेबल रसात बुडून दिसेनासं झालं पाहिजे. हे ऐकलं तेव्हा धाकट्याने कपाळावर हात मारला होता. ताईंचे डोळे चमकले होते. असं काम रोज थोडंच येतं? त्यांनी स्वतः शाई कालवली, स्वतः छोट्या मशीनवर प्रूफ काढलं, आणि डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "या डब्याला कुणी हात लावायचा नाही," असं सगळ्यांना बजावून सांगितलं.

आणि आता ही फळं.

"त्याला डोळे आहेत का?" ताई म्हणाल्या. "का रस काढता काढता सालीचं पाणी उडून गेलेत?"

"ताई, मलाही जरा निळसर वाटतंय."

"तुला काय, आभाळही निळसर वाटतं."

"आभाळ निळंच असतं."

"बघ! म्हणून तुला काही सांगायची सोय नाही."

हे असं रोजचं होतं. बहीणभावांचं एकमत झालं तो दिवस छापखान्यात कुणाच्या आठवणीत नव्हता. ताईंनी शाईची पट्टी कागदावर ओढायची, उत्तरेच्या खिडकीपाशी धरायची आणि "झालं" म्हणायचं. भावाने मागून यायचं आणि "पण" म्हणायचं. मग तासभर जुंपायची. पिवळा कमी आहे. कमी नाही. निळा जास्त आहे. तुझ्या डोक्यात निळा जास्त आहे. शेवटी भाऊ हात टेकायचा, "बरं बाई, तू म्हणशील तसं" म्हणायचा आणि निघून जायचा. ताई संध्याकाळी घरी जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी काम ताईंच्या शाईत छापून तयार असायचं. गिऱ्हाईक खूश. चहाचे डबे, बिस्किटांची खोकी, शाळेच्या पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळं पहिल्या फटक्यात पास. गिऱ्हाइकं फोन करून सांगायची, ताईंचा हात म्हणजे हात आहे.

म्हणूनच हे एकच काम परत परत यावं हे ताईंच्या डोक्यात शिरत नव्हतं. बाकी सगळं जमतं, मग यालाच काय धाड भरली?

शिवाय अलीकडे सगळ्यांनी मिळून त्यांना छळायचं ठरवलं होतं. कागदवाला पूर्वी दुधासारखा पांढरा कागद द्यायचा. आता देतो तो सायीच्या रंगाचा आणि वर शपथ घेतो की माल तोच आहे. ट्यूबलाइट बनवणाऱ्यांनीही लाज सोडली होती. नवी नळी लावली तरी खोलीत आपला धुरकट उजेड. खिडकीची काच पुसून पुसून त्यांचा हात दुखायला लागला होता. या अशा दिव्यांत, अशा कागदावर, रंग जुळवून दाखवायचा आणि वर बीट ऐकून घ्यायचं!

भाऊ खाकरला. त्याला काही बोलायचं असलं की तो आधी खाकरायचा, म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळे.

"मी काय म्हणतो, ते रंग मोजायचं यंत्र असतं ना. शाईवर धरलं की आकडे दाखवतं. एकदा आणून बघू या का? तुझा त्रास वाचेल."

ताईंनी पाती उचलली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. रागाच्या भरातही पाती घाण ठेवायची नाही हा त्यांचा नेम होता.

"म्हणजे माझी नजर गेली असं म्हणायचंय तुला."

"मी कुठे असं म्हटलं?"

"सरळ म्हण की. भितोस काय? मी रंग कालवायला लागले तेव्हा तू मशीनखाली बसून कागदाच्या होड्या करत होतास. बाबांनी हे टेबल मला दिलं, तुला नाही. का दिलं?"

"तुझी नजर होती म्हणून."

"होती?"

"आहे म्हणून."

"चल, मग सोक्षमोक्ष लावू. आत्ताच्या आत्ता त्याच्या कारखान्यात जाऊ. रस बघू, लेबल बघू. दोष रसाचा निघाला तर तुझ्या तोंडून यंत्राचं नाव मला पुन्हा ऐकायचं नाही. आणि दोष माझ्या नजरेचा निघाला, तर हे टेबल तुझं. आण यंत्र, बसव त्याच्यावर, हार घाल त्याला. मी उद्यापासून येणार नाही."

"ताई, एवढं टोकाला कशाला जातेस? तू इथंच थांब, मी त्याला समजावून येतो. डबा दे माझ्याकडे, जाताना दाखवतो त्याला."

"डबा कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. गाडी काढ."

भावाचा चेहरा का पडला ते ताईंना त्या घडीला कळलं नाही. कळून घ्यायची त्यांची तयारीही नव्हती.

वाटेतही धुसफूस चालूच राहिली. भाऊ हळू चालवतो म्हणून ताई चिडल्या, मग त्याने जोरात घेतली म्हणून चिडल्या. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे भर दुपारी कशाला लावतात हे लोक, डोळ्यांत नुसते फुलारतात, असं त्या म्हणाल्या. भावाने बहिणीकडे नीट निरखून पाहिलं.

रसाचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. दारातच सालींचा ढीग आणि त्याचा कडवट, तरतरीत वास. आत फळं धुवायची टाकी, कापून पिळायचं यंत्र, रस तापवायचं भांडं आणि बाटल्या भरायची रांग. फरशी ओली आणि चिकट. चप्पल उचलली की फरशी तिला सोडायला तयार नसायची. कोपऱ्यात काचेचं कपाट होतं, गार हवेचं, आलेल्या माणसाला माल दाखवायला. रसवाला तिथेच उभा होता. उंच, किडमिडीत माणूस, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याशी बोलायची सवय.

"बरं झालं आलात," तो ताईंच्या खांद्याला म्हणाला. "तुमच्या मनाला लागावं म्हणून नव्हतो बोललो. पण जे दिसतं ते दिसतं."

"दाखवा काय दिसतं ते."

त्याने कपाटातून एक बाटली काढली, अगदी हळुवार, तान्ह्या बाळाला पाळण्यातून उचलावं तशी. तिच्यावर ताईंचं लेबल लावलं होतं. बाटली त्याने दारापाशी उजेडात टेबलावर ठेवली.

ताई वाकून बघू लागल्या. बघता बघता त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आमचा रस."

"हा? हा तुमचा लाल ग्रेपफ्रूटचा रस?"

बाटलीच्या वरच्या भागात गवती चहाच्या पाण्यासारखं काहीतरी पिवळट होतं. खाली, बुडाशी, विटकरी गाळाचा जाड थर बसला होता. लेबल होतं बरोबर मध्ये, पिवळ्या पाण्यासमोर. पिवळ्यासमोर लाल ठेवला की तो आहे त्याच्या दुप्पट लाल दिसणार, जांभळा दिसणार, आणखी काय काय दिसणार. हे रंगाच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं.

"अहो, तुमचा रंग तळाशी जाऊन बसलाय," ताई म्हणाल्या. "माझं लेबल रसाला लावायचं होतं. तुम्ही ते पाण्याला लावलंत!"

"हा थोडा बसतो खाली. नैसर्गिक आहे ते."

"मग हलवा की बाटली."

रसवाल्याचं नाक वर गेलं. "बाटली हलवतात ती औषधाची. रस म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे? माझ्या रसाला कुणी असं खळखळवलेलं मला चालत नाही."

"झालं यांचं सुरू," मागून आवाज आला.

रसवाल्याची बायको ओले हात अंगावरच्या पांढऱ्या कोटाला पुसत येत होती. ठेंगणी, चपळ, आणि चेहऱ्यावर नवऱ्याला कंटाळलेल्या पण सोडून न दिलेल्या बाईचा भाव. तिने फळांच्या रसाचंच शिक्षण घेतलं होतं. कारखान्यातल्या काचेच्या नळ्या आणि मोजमापं तिच्याकडे, आणि बाहेरचं बोलणं नवऱ्याकडे. या वाटणीत कारखान्याचं नुकसान झालं होतं, असं तिला वाटायचं.

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना," ती म्हणाली. "मी सांगून थकले. लेबलावर 'हलवून प्या' असं छापा म्हटलं, तर यांचा जीव जातो."

"त्याने माल हलका वाटतो," रसवाला म्हणाला.

"आणि तळाला चिखल, वर पाणी, त्याने भारी वाटतो?"

ताईंना ही बाई फारच आवडली. भावाकडे त्यांनी एकदा विजयी मुद्रेने पाहिलं. तो बाटलीकडे बघत होता.

बायकोने एक उंच नळी आणली, ताज्या पिळलेल्या रसाने भरलेली. रस कसा गुबगुबीत, अपारदर्शक आणि लालसर होता. दुसऱ्या भांड्यावर तिने गाळणीचा कागद लावला आणि थोडा रस वर ओतला. खाली टपटप पडू लागलं ते जवळजवळ बिनरंगी पाणी, किंचित पिवळी झाक असलेलं. कागदावर मात्र लाल लगदा जमत गेला.

"हा बघा. रंग सगळा इथे," तिने लगद्यावर बोट टेकवलं. "यातलं मुख्य लाल म्हणजे लायकोपीन. टोमॅटोतही तेच असतं. त्याला जोडून थोडं कॅरोटीन, गाजरातलं नारिंगी. दोघंही पाण्यात विरघळत नाहीत. गराच्या बारीक कणांत चिकटून बसतात. कण वर तर रंग वर, कण खाली तर रंग खाली. बीटाचं उलट. ते पाण्यात विरघळतं. बीट घातलेला रस वर्षभर ठेवला तरी कधी थर धरणार नाही, बुडापासून झाकणापर्यंत एकसारखा."

"म्हणजे थर बसला हीच खरेपणाची खूण," ताई म्हणाल्या.

"तेच मी म्हणते! आणि यांना त्याचीच लाज."

रसवाला आता कुणाच्या खांद्याकडे बघावं या पेचात पडला. "पण गेल्या खेपेला एवढा पिवळा नव्हता," तो पुटपुटला.

"गेल्या खेपेला हंगाम भरात होता," बायको म्हणाली. "आता झाडावरचं शेवटचं फळ येतंय. यात लाल कमी होत जातो. शिवाय तुम्ही परवा रस जास्त तापवलात, त्याने रंग आणखी मळला. ताईंनी लेबल जुळवलं एका रसाशी, तुम्ही लावून बघता दुसऱ्याला."

ताईंना गहिवरून यायचंच बाकी राहिलं होतं. इतके दिवस त्यांच्या छातीवर बसलेलं ओझं उतरलं. आपली नजर ठीक आहे. टेबल आपलं आहे. हा सगळा फळाचा, गाळाचा आणि या खांदेबघ्याचा घोळ आहे.

"ऐकलंस का बाळ्या?" त्या भावाला म्हणाल्या. राग निवळला की तो बाळ्या व्हायचा. "यंत्र आणणार होतास ना? यांच्या रसाला लाव आधी. सकाळी एक आकडा दाखवेल, संध्याकाळी दुसरा."

"हो, ते खरंच आहे," भाऊ म्हणाला. "चल निघू या आपण. कामं पडलीत."

"निघू या काय? आता तर खरी गंमत आहे. ओ साहेब, ताजा रस भरा एका बाटलीत. तुमचा मान न राखता मी ती खळखळून हलवणार आहे. आणि मग लेबल लावून बघू. म्हणजे यांच्या मनात काही राहायला नको."

"कशाला आता?" भाऊ म्हणाला. "यांना पटलंय की."

"मला लावायचंय."

बायकोने चांगल्या लाल गराची फळं वेचून रस काढला, बाटली भरली. ताईंनी ती स्वतः हलवली. रसवाल्याने तोंड फिरवलं. मग त्यांनी पर्समधून नवं लेबल काढलं, बाटलीवर ठेवलं आणि अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत नेलं. कुठे हवा राहू दिली नाही. हात अजून पक्का होता. बाटली त्यांनी दारातल्या उजेडात धरली, डोळे बारीक केले, एक पाऊल मागे सरल्या.

लेबल रसात बुडालं होतं. चित्रातल्या गराची कड त्यांना शोधूनही सापडेना. पाकळ्या रसात विरघळत गेल्या होत्या, तोच लाल, तीच नारिंगी झाक, तसूभर फरक नाही. एवढ्या वर्षांत इतकं जुळलेलं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"हे बघा!" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लहान मुलीचा आनंद होता. "सांगा आता, कुठे आहे लेबल? दाखवा बोट लावून."

कुणी बोट लावलं नाही. रसवाला पहिल्यांदाच खांदा सोडून ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होता. बायकोने बाटलीकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग पुन्हा बाटलीकडे. "ताई, थोडंसं..." ती म्हणाली.

भाऊ चटकन मध्ये पडला.

"हो ताई," तो म्हणाला. "जुळलं."

ताई हसल्या. अगदी क्षणभर त्यांना बरं वाटलं, की आज बाळ्याने सुद्धा मान्य केलं. बाटली खाली ठेवायला त्या वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या.

"काय म्हणालास?"

"जुळलं म्हटलं. छान जुळलंय."

"'पण' नाही म्हणालास."

"आता जुळलं तर काय म्हणू?"

"निळा जास्त आहे म्हण. पिवळा कमी म्हण. उजेड बरोबर नाही म्हण. काहीतरी म्हण."

"नाही ना ताई. चांगलं आहे."

"बाळ्या, माझ्याशी भांड."

भाऊ भांडला नाही. त्याने नुसतं त्यांच्या हातातून बाटली घेतली, आणि इतक्या हळुवारपणे घेतली, की ताई त्याच्या हाताकडे बघतच राहिल्या. आजारी माणसाच्या हातातून कपबशी अशी घेतात.

त्या रसवाल्याच्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही सांगा. मघाशी काय सांगत होतात?"

ती बाई खोटं बोलायला तयार झाली नाही. तिने खाली बघत सांगितलं, "रस नारिंगीकडे जातोय, ताई. लेबल जांभळ्याकडे. लांबूनही कळतंय. माफ करा हं."

"मला कड दिसत नाहीये," ताई म्हणाल्या. "मला ती दिसतच नाहीये."

मग त्यांना राग आला. कुणाचा ते त्यांनाच कळेना, म्हणून तो जवळच्या माणसावर निघाला. "हे कसं शक्य आहे? माझी नजर गेली असती तर बाकीची कामं पास झाली असती का? सांग ना! चहाचे डबे, बिस्किटांची खोकी, ती पुस्तकं? एक तरी परत आलं? लोक फोन करून वाखाणतात. मग?"

भाऊ बाटलीशी चाळा करत राहिला. रसवाला आणि त्याची बायको हळूच मागे सरून फळांच्या टाकीपाशी गेले. त्यांना तिथे काही काम नव्हतं.

"बोल."

भाऊ खाकरला. "तू घरी गेलीस की मी डब्यात पिवळा टाकतो."

"काय?"

"मी आणि मशीनमन. तू गेल्यावर. तुझ्या डब्यात पिवळा टाकून परत घोटतो. मग छापतो. याच डब्याला तू कुलूप लावलंस, नाहीतर..."

"किती?"

"थोडासा."

"माझ्या टेबलावर थोडासा हे माप नाही. किती टाकतोस?"

"आधी चिमूटभर लागायचा. आता पातीभर."

ताई एका उपड्या क्रेटवर बसल्या. पातीभर म्हणजे किती ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? चिमूटभर ही दुरुस्ती असते. पातीभर पिवळा घातला की तो रंग कालवणाऱ्याचा राहतच नाही. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होतो.

"मोतीबिंदू असेल, ताई," भाऊ घाईघाईने म्हणाला. त्याने हे मनात कितीदा घोळवलं असेल कोण जाणे. "मी विचारून ठेवलंय डॉक्टरांना. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, म्हणून निळा आत पोचत नाही, असं म्हणाले. साधं ऑपरेशन असतं. नवं भिंग बसवतात आणि माणूस त्याच दिवशी घरी. तुला पहिल्यासारखं दिसेल. टेबल तुझंच आहे. मघाचं ते पैजेचं मी काही धरत नाही."

"डोळा होईल रे बरा. डोळ्याचं कोण बोलतंय?" ताई म्हणाल्या. "ती शाबासकी कुणाची होती? लोक मला फोन करायचे. मी तो फोन घ्यायचे, आणि घरी जाऊन सांगायचे. ते गुलाबी मुखपृष्ठ, ते कुणी केलं?"

"तूच."

"पिवळा न घालता?"

भावाने नजर बाटलीकडे वळवली.

"आणि चहाच्या डब्यावरचा निळा? तो तरी माझा होता? निळ्याला तर मी सबंध दिवस घालवला."

"तो तुझाच होता."

"खरं सांग."

"तो..." भावाने मान खाली घातली. "तो सगळाच ओतून द्यावा लागला, ताई. मशीनमनने पहिल्यापासून कालवला."

ताईंना रडू येत होतं आणि चीडही येत होती, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे धड काहीच येत नव्हतं. चोरून पिवळा घालणाऱ्या या माणसाच्या एक कानाखाली द्यावी की त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं, त्यांना समजेना. मशीनमनला माहीत होतं. सगळ्या छापखान्याला माहीत असणार. त्या रोज पाती पुसून, टेबल आवरून, ऐटीत घरी जात होत्या आणि मागे हे लोक त्यांचं काम निस्तरत बसत होते.

"तुला माझी कीव आली," त्या म्हणाल्या.

"कीव कसली. तुला सांगायचा धीर होईना."

"धीर होईना? रोज सकाळी तासभर माझ्याशी भांडायचास की! पिवळा कमी आहे, निळा जास्त आहे. तेव्हा बरा धीर व्हायचा. शेवटी माझंच ऐकून निघून जायचास. संध्याकाळी गुपचूप डबा दुरुस्त करायचाच होता, तर सकाळी भांडायचास कशाला?"

भावाने बाटली टेबलावर ठेवली. रसातला लाल आतापासूनच सावकाश खाली बसू लागला होता.

"भांडलो नसतो," तो म्हणाला, "तर तुला तेव्हाच कळलं असतं."